काचेच्या बीडिंगखाली

२९ मार्च, रविवार

चावी मिळाली. बावीस वर्षांनी!

सगुणावहिनी स्वतः आल्या. अंगणाच्या मधोमध ठोकलेल्या पत्र्याच्या कुंपणाला वळसा घालून, पुढच्या दारानं. पदरातून चावी काढली आणि ओट्यावर ठेवली. हातात दिली नाही.

"भावजी, हेमालीचं लगीन सात मेला धरलंय. वर्साच्या आत उरकायचं न्हायतर तीन वर्सं थांबायचं. त्यांनी पोरीला शब्द दिल्ता, तुजी पाठवणी आपल्या गाडीतून. आता ते न्हाईत. गाडी उठंल काय, तेवडं बघा."

मी म्हटलं, बघतो.

जाता जाता म्हणाल्या, "चावी हिरामणलाच द्या म्हनले व्हते. टेप काडू नको म्हनावं, पत्रा हाताला लागंल."

चावीला अंगठ्याएवढा पत्र्याचा तुकडा आहे, काळ्या टेपमध्ये गुंडाळलेला. दादाच्या खिशात राहून राहून टेप गुळगुळीत झाली आहे.

दादा म्हणजे जीवन, माझा सख्खा थोरला भाऊ. दिवाळी झाली आणि गेला. बावीस वर्षं एका अंगणात राहून आम्ही एक शब्द बोललो नाही. आता माणूसच राहिला नाही, राग धरायचा कुणावर? मी माफ केलं त्याला. आज केलं. इथं लिहून ठेवतो.

३१ मार्च, मंगळवार

शेड उघडली. दाराला वेल चढलेला, कोयत्यानं तोडावा लागला.

इंपाला, चौसष्ट सालची. चारही टायर बसलेत. सीटमध्ये उंदरांचा संसार. अलिबागच्या एका शेटच्या बंगल्यावर दादा ड्रायव्हर होता. शेट देश सोडून गेला तेव्हा गाडी दादाला देऊन गेला. स्टेअरिंग डाव्या हाताला. म्हणून गावात नाव पडलं उलटी गाडी! पंधरा वर्षं रेवदंड्याच्या नवऱ्या तिच्यातून सासरी गेल्या. दादा चालवायचा, मी दुरुस्त करायचो. मी एसटीच्या वर्कशॉपला बॉडी फिटर, हयात बसच्या काचा बसवण्यात गेली.

इंजिनाचं मला भय नाही. भय दिसलं ते खाली. उजव्या बाजूच्या पायाखालचा पत्रा बोटानं दाबला, बोट आरपार. मासा मिठात टिकतो, लोखंड टिकत नाही. पुढच्या काचेतून पाणी झिरपत आलंय, वर्षानुवर्षं. म्हणजे काच काढायची. काच काढायची तर आधी तिच्याभोवतीची चकचकीत स्टीलची पट्टी, म्हणजे बीडिंग, काढायची. आणि बीडिंग ज्यांच्यावर बसते त्या क्लिपा एव्हाना संपलेल्या असणार.

सदतीस दिवस आहेत, सुट्ट्या धरून.

२ एप्रिल, गुरुवार

झोप लागत नाही म्हणून नाही, पण लिहून टाकलं की डोकं हलकं होतं.

दोन हजार चार. मे महिना, दुपार. मी ड्यूटीवर. गावातून फोन आला, उलटी गाडी बंदराच्या रस्त्यावर विजेच्या खांबाला धडकली. येऊन बघतो तर उजवा कोपरा आत, काचेचा भुगा, आणि दादा स्टेअरिंगवर बसलेला, हातातून रक्त. भोवती अर्धी आळी.

"माज्या हातून ठोकली," म्हणाला. एवढंच.

आता डाव्या हाताच्या गाडीची उजवी बाजू नवख्याला कळत नाही, हे खरं. पण दादाला? पंधरा वर्षं चालवत होता तो! साळावच्या पुलावरून एसटीला बाजू देताना मधून वर्तमानपत्र जाणार नाही इतकी गाडी घासून न्यायचा. असा माणूस भर दुपारी खांबाला जाऊन धडकतो? एकच कारण असू शकतं. आणि दादा पूर्वी प्यायचा. नंतर कार्ल्याला एकवीरा आईच्या पायावर हात ठेवून सोडली होती, सहा वर्षं झाली होती सोडून.

मी सगळ्या आळीसमोर म्हणालो, "आईची शपथ मोडलीस तू. दारुडा तो दारुडाच."

त्यानं नुसतं बघितलं माझ्याकडे. नाही म्हणाला नाही. खोटं असतं तर माणूस नाही म्हणतो की!

त्या वर्षीपासून पालखीला खांदा द्यायला त्याला कुणी बोलावलं नाही. लग्नाला गाडी कुणी मागितली नाही. मी अंगणात पत्रे ठोकले. नीरा, माझी बायको, गेली तेव्हा तो स्मशानात आला होता. लांब, सुरूच्या झाडाखाली उभा राहिला. मी हाक मारली नाही.

५ एप्रिल, रविवार

मूर्ख! मूर्ख मी!

बसची सवय नडली. बसच्या काचेला रबर असतं, स्क्रूड्रायव्हर घालायचा, उपटायचं. तसाच वरच्या बीडिंगखाली घातला आणि जोर दिला. मधोमध वाकली. स्टीलची बीडिंग एकदा मुडपली की तो व्रण जात नाही. किती ठोका, किती घासा, उजेडात दिसतोच. चाळीस वर्षांच्या अनुभवाचं लोणचं घालावं!

नंतर शांत डोक्यानं हॅकसॉचं ब्लेड घासून पातळ केलं, टोकाला आकडी वळवली. ते काच आणि बीडिंगच्या मधून सरकवायचं, चाचपायचं, क्लिपेची मान सापडली की आकडीनं बाजूला ओढायची. कट्ट आवाज येतो. मग बीडिंग आपोआप हातात येते. जोर लागतच नाही.

७ एप्रिल, मंगळवार

वरची बाजू सुटली. खाली क्लिपा नाहीतच. लाल भुकटी.

११ एप्रिल, शनिवार

आज हसू आलं, बऱ्याच दिवसांनी.

डावी बाजू, खालची बाजू, सगळीकडे भुकटी. उजवी बाजू सोडवायला घेतली तर आकडीला कडक लागलं. एक, दोन, तीन... नऊ क्लिपा, नव्यासारख्या चकचकीत! उचलून बघितल्या. स्टीलची फूटपट्टी कापून केल्यात! शाळेतली असते तसली. पोटाच्या बाजूला सेंटिमीटरच्या रेघा आणि आकडे तसेच आहेत. ठोकरलेल्या बाजूच्या क्लिपा तुटल्या असणार तेव्हा, बाजारात मिळाल्या नसणार, दादानं वहिनींच्या शिलाईच्या सामानातली पट्टी कापून जुगाड केला असणार. माझ्याशी बोलणं बंद, मग विचारणार कुणाला?

चालायचंच. भंगाराच्या डब्यात टाकल्या. मुंबईच्या एका जुन्या सामानाच्या दुकानात फोन केलाय, नायलॉनच्या क्लिपा पाठवतो म्हणाला. गंजणार नाहीत.

१४ एप्रिल, मंगळवार

काम बंद. पत्रा जोडायला येतो तो धर्माजी आज येणार नव्हताच — जयंती. संध्याकाळी मिरवणुकीच्या आधी पांढरा शर्ट घालून उभ्या उभ्या आला, खीर दिली. वर्कशॉपचा माझा जोडीदार, वेल्डिंगला त्याच्यासारखा हात नाही.

भंगाराच्या डब्यात डोकावला. एक क्लिप उचलून नखानं कडा तपासली.

"या टाकल्यास व्हय?"

म्हटलं, जुगाड आहे.

"जुगाड न्हाय हा. कडा बघ, कानशीनं मारून गोल केल्यात, काचेला चरा पडू नये म्हनून. ह्ये घाईचं काम न्हाय हिरामण. दोगांचं काम हाय. एकानं पकडीत धरलंय, दुसऱ्यानं वाकवलंय. एकट्यानं येवडं सरळ येत न्हाय."

म्हटलं, बरं बरं, खीर छान झाली आहे.

१८ एप्रिल, शनिवार

धर्माजीनं खालचा पत्रा नवा घातला. रंग झाला. नायलॉनच्या क्लिपा आल्या, काच बसवली, खालून चिकट पट्टी फिरवली, बीडिंग दाबली. टक् टक् टक् सगळीकडे बसली. वरचा वाकलेला व्रण मात्र दिसतो. माझाच.

हेमाली बघायला आली. रायगडात सगळ्यात शांत पोर असेल ती. बीडिंगवरून बोट फिरवलं, व्रणापाशी थांबलं. म्हटलं, माझ्या हातून झालं गं. तर म्हणते, "असू दे काका. बाबा म्हणायचे, हिरामणच्या हातची काच गळत नाही."

असं म्हणायचा? कधी म्हणायचा?

विचारलं नाही.

२२ एप्रिल, बुधवार

गाडी बाहेर काढली! इंजिन दुसऱ्या सेलला लागलं. म्हाताऱ्या माणसासारखी आधी खोकली, मग बोलायला लागली. रस्त्यावर पोरं धावली, बायका दारात आल्या, कुणी "उलटी गाडी आली!" म्हणून ओरडलं. चौलपर्यंत गेलो. नारळीच्या वाड्यांमधून जाताना काचेवर सावल्या पडत होत्या आणि एक मिनिट — एकच मिनिट — मला वाटलं डाव्या बाजूला मी बसलोच नाही, मी नेहमीच्या जागी उजवीकडे आहे आणि चालवतोय तो.

परतताना एका खड्ड्यात दणका बसला. उजवीकडची बीडिंग सुटून फडफडायला लागली. तीन क्लिपा उडाल्या. घरी येऊन पुन्हा बसवल्या. पुन्हा उडाल्या.

आता कारण कळलं. क्लिपा ज्या बारीक खुंट्यांवर अडकतात त्या उजव्या बाजूच्या खुंट्या अपघातानंतर पुन्हा जोडलेल्या आहेत, आणि प्रत्येक थोडी तिरकी बसलीय. कुणी डावीकडे कललेली, कुणी उंच. बाजारची क्लिप सरळ खुंटीसाठी असते. ती नाही बसणार. कधीच नाही बसणार.

भंगाराचा डबा शोधला. नशीब, भंगारवाला आला नव्हता.

२५ एप्रिल, शनिवार

दिवसभर त्या नऊ क्लिपा ओळीत मांडून बसलो होतो.

प्रत्येक क्लिप वेगळी आहे. तीन-तीन सेंटिमीटरचे तुकडे, पण प्रत्येकाची घडी निराळी, ज्या त्या खुंटीच्या तिरकेपणाच्या मापानं. आणि आकडे ओळीनं लागतात — शून्य ते तीन सगळ्यात खाली, मग तीन ते सहा, असं वर सत्तावीसपर्यंत. चुकण्याची सोय नाही. आपण मेल्यावर कुणी उघडलं तर त्याला परत लावता याव्यात अशा केल्यात. मी एसटीत इतकी माणसं शिकवली, एवढी निगुतीची क्लिप एकानं केली नाही.

तो बाजूला बसला असता तर "भले!" म्हणालो असतो. तोंडावर म्हणालो असतो. खरंच.

लावल्या. हातानं थोपटलं. धोंड्यासारखी पक्की.

एकच अडचण. उजवीकडे खुंट्या दहा आहेत. दहाव्या, सगळ्यात वरच्या खुंटीला क्लिप कधी नव्हतीच. तिथं दादानं नुसतं डांबर भरलेलं. फूटपट्टी संपली असणार. पाणी तिथूनच शिरत होतं, बावीस वर्षं. तिथूनच पायाखालचा पत्रा खाल्ला.

एका क्लिपेपायी!

२७ एप्रिल, सोमवार

निकेतचा फोन. माझा एकुलता एक. उलव्याला असतो, कंटेनरच्या गाड्या आहेत. पंधरा दिवसांतून एकदा फोन, "बरं आहे ना? बरं आहे," संपलं. लहानपणी धांदरट, कंपास हरव, फूटपट्टी हरव, चपला हरव, मार खाऊन कोडगा झालेला. आता शिस्तीचा झालाय, पण माझ्याशी बोलताना अजून उभं राहून बोलल्यासारखा बोलतो. आईच्या वेळी रडला नाही इतका दादाच्या मातीला रडला. मला जरा लागलंच ते. लोक बघत होते.

लग्नाला येतोस ना विचारलं. येतो म्हणाला. मग सहज सांगितलं, काकानं फूटपट्टी कापून क्लिपा केल्यात, काय कारागिरी आहे म्हणून सांगू!

त्यानं मधेच तोडलं.

"बाबा, नंतर करतो. गाडी लोड होतेय."

२ मे, शनिवार

दहावी क्लिप काही होत नाही. पत्र्याची केली, मऊ पडली. ब्लेडची केली, तुटली. त्याच जातीचं स्टील हवं, त्याच जाडीचं, त्याच रुंदीचं.

दुपारी चावी हातात घेऊन बसलो होतो. अंगठ्यानं टेपवरून फिरवत. आणि अंगठा थांबला. रुंदी तीच!

तीस सेंटिमीटरची पट्टी. नऊ त्रिक सत्तावीस. उरलेला तीनाचा तुकडा, टांगायच्या भोकाचं टोक, तो कुठं जाणार? भोक आयतं होतं, चावीला लावला! म्हटलं वा, मिळाली दहावी क्लिप. टेप सोलली.

सत्तावीस, अठ्ठावीस, एकोणतीस, तीस. आणि त्यांच्यावर कर्कटकानं कोरलेलं, वेडंवाकडं:

निकेत हि. म्हात्रे. ९ ब.

३ मे, रविवार

काल पुढं लिहवलं नाही.

जून दोन हजार चार. दहावीचं वर्ष. "फूटपट्टी कुठाय?" "हरवली." मी मारलं त्याला. पट्ट्यानं मारलं. कारण ती मी आणून दिली होती, चांगली, स्टेनलेसची. म्हणालो, तुला कशाची किंमत नाही. उभा राहून मार खाल्ला, डोळ्यात पाणी नाही, आणि मला त्याचाच जास्त राग आला.

आणि त्याच्या आधी, मार्चमध्ये, गाडीत खेळताना सापडला तेव्हा मी त्याला सांगितलं होतं, "स्टेअरिंगला हात लावलास तर या घरात पाय ठेवायचा नाही. माझा मुलगा मेला असं समजेन." असं बोललो होतो. पंधरा वर्षांच्या पोराला.

नवख्याला उजवी बाजू कळत नाही. मीच लिहिलंय वर. माझ्याच हातानं.

सकाळी पत्रा ओलांडून गेलो. बावीस वर्षांत पहिल्यांदा. वहिनी चुलीपाशी पापड भाजत होत्या, लग्नाचे. त्यांच्यासमोर तो तुकडा ठेवला. त्यांनी तो बघितला आणि पापड उलटला. जळू दिला नाही.

"दुपारचं जेवून ते निजले व्हते," म्हणाल्या. "निकेतनं उशाखालची चावी काडली. मग आवाज आला. ते धावत गेले. पोराला वाडीतनं मागल्या दारी पाटवलं, मीच घेतला घरात. हितंच बसला व्हता, चुलीजवळ. मे महिन्यात दात वाजत व्हते त्याचं. आनि ते जाऊन गाडीत बसले. काचा हातानं गोळा केल्या, म्हनून हात कापला."

मी विचारलं, आणि क्लिपा?

"दोगांनी केल्या. तुमी ड्यूटीवर गेलात की पोर यायचा. म्हनाला, काका, माज्याकडं येवडंच हाय."

मग मी जे विचारायला नको ते विचारलं. वहिनी, तुम्ही सांगितलं का नाहीत? बावीस वर्षं?

त्यांनी चिमटा खाली ठेवला.

"भावजी, तुमी आलात कदी आमच्या दारात?"

४ मे, सोमवार

त्यानं शपथ मोडली नव्हती.

पालखी यायची तेव्हा दार लावून आत बसायचा. मी माझ्या ओट्यावरून बघायचो आणि म्हणायचो, लाज वाटते आहे. नीरा एकदा म्हणाली होती, "अहो, नसेल प्यायले ते." मी तिलाही गप्प केलं.

मी त्याला माफ केलं होतं म्हणे! एकोणतीस मार्चला! ते पान फाडणार होतो. नाही फाडलं. राहू दे तिथंच.

५ मे, मंगळवार

तो तुकडा कापला नाही. कापवला नाही.

माझी वर्कशॉपची फूटपट्टी होती, निवृत्त होताना खिशात राहिलेली, तिच्यावर माझं नाव पंचनं मारलेलं. ती पकडीत धरली. धर्माजीला बोलावलं. त्यानं धरलं, मी वाकवलं. दोघांचं काम. कडा कानशीनं गोल केल्या, दादासारख्या. दुसऱ्या प्रयत्नात बसली. बीडिंग दाबली — टक्.

धर्माजी म्हणाला, "रडतोस कशाला, बसली की."

नळी लावून अर्धा तास पाणी मारलं. आत थेंब नाही.

६ मे, बुधवार

हळद. मांडवात धवलारीण गायला बसली. आधी देवांना बोलावणं, मग घरातल्या गेलेल्यांना, मग नवरीला हळद. गेलेल्यांत तिनं दादाचं नाव घेतलं. "जीवनबाबा, या, मांडवाला या." आळीतले जुने लोक खाली बघत होते.

मी उठलो. मांडवात उभा राहून बोललो. म्हणालो, माझ्या भावानं आईची शपथ कधी मोडली नाही. मी खोटं बोललो होतो. गाडी ठोकली तेव्हा तो प्यायलेला नव्हता. याच आळीत बोललो होतो, याच आळीत परत घेतो.

मग कुणी ठोकली, असं कुणीतरी पुटपुटलं. मी म्हणालो, ते माझ्या घरातलं आहे.

निकेत तोपर्यंत आला नव्हता. रस्त्यात होता.

७ मे, गुरुवार

लग्न लागलं. गाडीला झेंडूच्या माळा. हेमाली बापासारखी दिसते, हे आजवर कुणी मला सांगितलं नाही, की मीच बघितलं नाही?

सगळे म्हणाले, हिरामणच चालवणार. मी निकेतला हाक मारली. सदतीस वर्षांचा बाप्या, दोन लेकरांचा बाप. त्याच्या तळहातावर चावी ठेवली. टेपेशिवाय.

त्यानं वाचलं. किती वेळ वाचत होता! एक नाव, त्यात वाचायचं काय असतं? मग माझ्याकडे बघितलं, तसंच, पट्ट्याचा मार खायला उभं राहिल्यासारखं.

मी म्हणालो, "उजवी बाजू सांभाळ. मी बसतो तिकडे, सांगतो."

साळावच्या पुलाआधी दादा गाडी थांबवायचा. प्रत्येक नवरीला. खाडीला नारळ द्यायचा आणि म्हणायचा, हितनं मागं बघून घे बाय, पुलावर बघायचं न्हाय. निकेतनं न सांगता थांबवली. नारळ मी सोडला. हेमालीनं मागं बघितलं. मीही बघितलं.

मुरुडपर्यंत एकही क्लिप हलली नाही.

८ मे, शुक्रवार

सकाळी निकेत ओट्यावर येऊन बसला. म्हणाला, "मी सांगणार होतो, बाबा. त्याच संध्याकाळी. निघालोसुद्धा होतो. काकांनी दारात अडवलं." मग दादाचे शब्द म्हणून दाखवले, अगदी दादाच्या आवाजात.

"तुज्या बापाला भावाबिगर चालंल रे. पोराबिगर न्हाय चालायचं."

नाही चाललं, दादा.